एका कार्डावर सगळा वॉर्ड

प्रिंटरमधून कागद पुरता बाहेरही आला नव्हता, तोवर डीन सरांनी तो टर्रकन फाडून घेतला.

"बघू, बघू," म्हणत त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाजवळ धरला. वर्षभरात सगळ्यात जास्त पुस्तकं नेणाऱ्या वाचकांची ती यादी होती. पहिलं नाव डॉ. निखिल देवधर, रेसिडेंट, ऑर्थोपेडिक्स. सरांनी चष्मा पुन्हा खाली घेतला आणि तीच ओळ परत वाचली.

"ऑर्थोपेडिक्स?"

"हो सर."

"मेश्राम मॅडम, हाडांचे डॉक्टर वाचतात?"

सरांना उत्तर नकोच होतं. आमचे डीन डॉ. बर्वे मूळचे पॅथॉलॉजीचे. ऑर्थोवाल्यांना हातोडी आणि करवत यापलीकडे काही लागत नाही, असं त्यांचं तरुणपणापासूनचं मत होतं, आणि ते मत चुकीचं ठरलं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"यंदाच्या वार्षिक समारंभात बक्षीस द्यायचं. उत्कृष्ट वाचक. ढाल मागवा."

"सर, एकदा तपासून घेते. मग जाहीर करू."

"कॉम्प्युटर चुकतो का?"

"नाही सर."

"मग झालं तर."

आणि कागदाची सुरळी करून ते गेलेसुद्धा. कॉम्प्युटर चुकला नव्हता हे खरंच होतं. डॉ. देवधरच्या कार्डावर तेवढी पुस्तकं गेली होती. फक्त डॉ. देवधरने त्यातलं एकही उघडलेलं नव्हतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजची ग्रंथपाल होते. मूळची भंडाऱ्याची. लग्न होऊन कर्वेनगरला आले आणि नोकरीची सगळी वर्षं याच एका लायब्ररीत काढली. पुण्यात येऊन मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे स्कूटर चालवणं, आणि दुसरी पाट्या लिहिणं. लायब्ररीच्या दारावरची पाटी माझीच: "चौकशीपूर्वी नियम वाचावेत. नियम वाचल्यावर चौकशीची गरज राहत नाही." भंडाऱ्याला असं कुणी लिहिलं असतं तर लोकांनी घरी येऊन विचारलं असतं, बाई, काही बिनसलं का.

तर नियम असे होते. मेडिकल लायब्ररीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, आत बसून वाचणं. दुसरी, पुस्तक घरी नेणं, त्याला आम्ही होम इश्यू म्हणतो. प्रोफेसर, लेक्चरर, रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढची पदवी करत हॉस्पिटलात राबणारे तरुण डॉक्टर, आणि मेडिकलचे विद्यार्थी, यांना दोन्ही मिळायचं. बाकीच्यांना फक्त बसून वाचायची परवानगी, तीही दुपारी एकपर्यंतच. दुपारनंतरच्या खुर्च्या विद्यार्थ्यांसाठी.

अमेरिकेतल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी लायब्ररीला कॉम्प्युटर दिले. त्या काळात पुण्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी कॉम्प्युटरच होता. २००० साल लागताच कॉम्प्युटर बिघडतील ही Y2K ची भीती नुकतीच सरली होती, आणि हडपसरच्या एका कंपनीतला इंजिनिअर सॉफ्टवेअर बसवायला माझ्यासमोर बसला होता. त्याने विचारलं, "मॅडम, मेंबर कॅटेगरी सांगा."

"टीचिंग स्टाफ. रेसिडेंट. इंटर्न. विद्यार्थी."

"अजून?"

"अदर्स."

"अदर्समध्ये कोण येतं?"

"बाकी सगळं हॉस्पिटल," मी म्हटलं.

त्याने टाइप करायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे नर्सेस, टेक्निशियन वगैरे? त्यांना किती पुस्तकं?"

"शून्य."

त्याने शून्य टाइप केलं. मला ते स्क्रीनवर बघायला बरं वाटलं नाही. जुन्या नियमावलीत ती गोष्ट लांबलचक वाक्यात होती, त्यामुळे कधी एवढी टोचली नव्हती.

साळुंके सिस्टर मला भेटल्या त्या या शून्यामुळेच.

अलका साळुंके ऑर्थोच्या वॉर्डातल्या स्टाफ नर्स. हडपसरच्या जुन्या गावठाणात त्यांचं घर, दोन मुलं, सासू-सासरे, आणि नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट. डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या नर्सेसना पुढे पदवी घेता येते. सिस्टर ती बाहेरून करत होत्या. पदवी मिळाली की नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होता येतं. ट्यूटर म्हणजे दिवसाची नोकरी, रात्रपाळी बंद. आमच्या स्कूलमध्ये तशी एक जागा रिकामी होणार होती. एका विषयात त्या आधी नापास झाल्या होत्या आणि ही शेवटची संधी होती. या खेपेला गेलं की सगळं पहिल्यापासून.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाटी वाचली होती. तरी चौकशी केली.

"मॅडम, दुपारी एकपर्यंत बसून वाचायचं म्हणता. पण त्याच टायमाला राउंड असतो. मी पेशंट सोडून कशी येऊ?"

"ड्यूटी संपल्यावर?"

"दोनला सुटते. तवा तुमच्या खुर्च्या विद्यार्थ्यांच्या."

"सिस्टर, मला कळतं. पण मला घरी पुस्तक देता येत नाही. नियम आहे."

"नियम हाय खरा," त्या म्हणाल्या आणि भांडण न करता निघून गेल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी त्याच आठवड्यात कमिटीकडे प्रस्ताव पाठवला की नर्सेसना निदान एक पुस्तक घरी द्यावं. लायब्ररी कमिटीचे चेअरमन ऑर्थोचेच प्रमुख, डॉ. सबनीस. कागदावर शेरा आला: "गरज दिसत नाही." पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला. शेरा तोच, फक्त शाई निळी होती.

यावर वॉर्डाने आपला मार्ग काढला. रेसिडेंटला लायब्ररीत यायला वेळ नसतो, त्यामुळे आमच्याकडे फार जुनी पद्धत होती. रेसिडेंट आपलं कार्ड वॉर्डातल्या मावशींकडे द्यायचा, मावशी काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगायच्या आणि घेऊन जायच्या. काउंटरवरचा कोणीही त्यांना अडवत नसे. निखिल देवधर सदाशिव पेठेतला मुलगा, उंच, सदा घाईत, केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी. त्याने साळुंके सिस्टरना सांगितलं, "माझं कार्ड घ्या. मला काय करायचंय त्याचं?" आणि ते कार्ड वॉर्डातल्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टर कापायच्या कात्रीशेजारी जाऊन पडलं.

वॉर्डात पडलेली वस्तू एका माणसाची राहत नाही. सिस्टरनी मिडवाइफरी म्हणजे बाळंतपणाच्या शुश्रूषेचं पुस्तक नेलं, नर्सिंग ॲडमिनिस्ट्रेशन नेलं. मग दुसऱ्या सिस्टरनी नेलं. मग फिजिओथेरपिस्ट आली, एक्स-रेचा टेक्निशियन आला, मग डाएटिशियन. एका कार्डावर रेसिडेंटला मिळतील तेवढी पुस्तकं कायम बाहेर असायची आणि वेळेवर परत यायची. इतका शहाणा वाचक मला पूर्वी मिळाला नव्हता. पुस्तकांची नावं बघून मला पहिल्या महिन्यातच सगळं समजलं होतं. मी गप्प बसले. नियम मी बदलू शकत नव्हते, पण सगळ्याच गोष्टी मला दिसल्या पाहिजेत असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता मात्र त्या गप्प बसण्याची पंचाईत झाली. दुसऱ्याला कार्ड वापरायला दिलं तर नियम कडक होता: कार्ड रद्द, सगळी पुस्तकं ताबडतोब जमा, आणि नो ड्यूज रोखायचं. नो ड्यूज म्हणजे या विद्यार्थ्याकडे लायब्ररीचं काही देणं नाही असा दाखला. तो नसेल तर रेसिडेंटला शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे मी डीन सरांना खरं सांगितलं तर निखिलची परीक्षा अडकणार, आणि साळुंके सिस्टरच्या हातातली पुस्तकं जाणार, ऐन परीक्षेच्या तोंडावर. नाही सांगितलं तर एका न वाचणाऱ्या मुलाच्या हातात उत्कृष्ट वाचकाची ढाल. आणि यादीत दुसऱ्या नंबरवर मेडिसिनची एक रेसिडेंट होती. ती मुलगी खरोखर वाचायची. तिचं बक्षीस आम्ही दुसऱ्याला देणार होतो.

दोन दिवस मी ढाल मागवायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी निखिल स्वतः लायब्ररीत आला. आत शिरून त्याने चारी बाजूंना पाहिलं, पाहुण्यांच्या घरात आल्यासारखं.

"मॅडम, मेलो मी."

"बसा. काय झालं?"

"डीन सरांनी सबनीस सरांना ती यादी दाखवली. सर आधी खूश झाले. मग म्हणाले, बघू तरी माझा मुलगा काय वाचतो. तुमच्या काउंटरवरून माझ्या पुस्तकांची प्रिंट मागवली."

"मग?"

"आज राउंडला, पेशंटसमोर विचारलं, देवधर, मिडवाइफरी कशासाठी? आणि एकदा नाही, चार वेळा?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जनरल इंटरेस्ट."

मला हसू आवरलं नाही. त्यालाही आलं, पण मध्येच थांबलं.

"हसू नका मॅडम. सरांना वाटतंय मी ऑर्थो सोडून चाललोय. ते नर्सिंग ॲडमिनिस्ट्रेशन बघून त्यांनी ठरवूनच टाकलंय की मी कुठल्यातरी मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात मॅनेजमेंटला जाणार. त्यांच्या मित्राचा मुलगा एमबीबीएस होऊन कॉम्प्युटर कंपनीत गेला ना, तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझा हात चांगला आहे रे, असं करू नकोस. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

हे मात्र मेडिकल कॉलेजातच होऊ शकतं. दुसरीकडे मुलगा चार वेगळी पुस्तकं वाचतो म्हणून कौतुक झालं असतं. आमच्याकडे दुसऱ्या डिपार्टमेंटचं पुस्तक हातात दिसलं की माणूस फितूर झाला असं धरतात.

"खरं का नाही सांगितलंत?"

"खरं सांगितलं तर सिस्टरची पुस्तकं जातील. परीक्षा होऊ दे त्यांची. तोवर मी जनरल इंटरेस्टवर काढतो."

मुलगा वाचत नसेल, पण मनाने फार चांगला होता. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं, आमच्या लायब्ररीत एकदाही पुस्तक न उघडल्याबद्दल.

तो गेला आणि तासाभरात साळुंके सिस्टर आल्या. ड्यूटी संपवून, पिशवी घेऊन. पिशवीतून एकेक पुस्तक काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली होती.

"ही जमा करून घ्या मॅडम. डॉक्टरांचं नुकसान माझ्यामुळं नको."

"परीक्षा कधी?"

"पुढल्या महिन्यात."

"वाचून झालं?"

मिडवाइफरीच्या पुस्तकात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं, अर्ध्याच्या जरा पुढे. घरी वाचायला जागा नाही म्हणून त्या हडपसरच्या बसमध्ये वाचायच्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ती खूण दिसली आणि माझं डोकं फिरलं. सिस्टरवर नाही, माझ्यावरही नाही. त्या निळ्या शाईच्या शेऱ्यावर.

"उचला ती पुस्तकं," मी म्हटलं.

"अहो पण मॅडम..."

"इश्यू केलेलं पुस्तक मुदतीआधी परत करायची सक्ती नाही. हा नियम आहे. नियमाने चला."

असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण विरोधात काही लिहिलेलं नव्हतं हेही खरं. सिस्टरनी पुस्तकं परत पिशवीत भरली आणि पदर सारखा करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. सबनीस स्वतः माझ्या केबिनमध्ये. चेअरमन असूनही ते लायब्ररीत फारसे येत नसत, मीटिंग त्यांच्याच खोलीत व्हायची. खुर्चीत बसले. पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घातले, काढले, परत घातले.

"मॅडम, मला खरं सांगा. हा देवधर नक्की काय वाचतो?"

"काही नाही सर."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही नाही. आल्यापासून तो लायब्ररीत दोनदा आला. एकदा कार्ड काढायला, आणि काल, माझ्याशी बोलायला."

"मिडवाइफरी?"

"नाही."

"मॅनेजमेंट?"

"नाही सर."

"ऑर्थोचंसुद्धा नाही?"

"ऑर्थोचंसुद्धा नाही."

सरांनी खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले.

आपला विद्यार्थी वाचत नाही हे ऐकून इतका सुखावलेला प्रोफेसर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण सबनीस सर हुशार. दोन मिनिटांत चेअरमन जागा झाला.

"मग त्याच्या कार्डावर वाचतं कोण?"

"सर, तुम्ही कार्ड रद्द करणार असाल तर मी सांगणार नाही."

"मॅडम, मी लायब्ररी कमिटीचा चेअरमन आहे."

"म्हणूनच विचारते."

ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही करणार, आणि मी सांगितलं. साळुंके सिस्टर, त्यांची परीक्षा, ती तिकिटाची खूण, फिजिओथेरपी, एक्स-रे, सगळं.

"आमच्या साळुंके सिस्टर? त्या तर माझ्याशी चादरींवरून भांडतात."

"भांडून झाल्यावर वाचतात."

मला वाटलं आता नियम बाहेर काढतील. पण ते भलत्याच दिशेने गेले.

"म्हणजे एका अर्थी पहिला नंबर आमच्या वॉर्डाचाच आहे."

"एका अर्थी, हो."

"आणि देवधरचं नाव काढलं तर बक्षीस कुणाला जाईल?"

"मेडिसिनच्या रेसिडेंटला. ती मुलगी खरंच वाचते सर. तिचा हक्कच आहे."

"मेडिसिनला?" सर एकदम ताठ बसले. मेडिसिन आणि ऑर्थो यांचं आमच्याकडे पिढीजात वाकडं होतं. "आमची पुस्तकं, आमची मेहनत, आणि ढाल मेडिसिनच्या भिंतीवर? ते काही नाही. बक्षीस वॉर्डाला द्या."

"वॉर्डाला कसं देणार? वॉर्ड मेंबर नाही. वॉर्डातलं कुणीच मेंबर नाही. प्रस्ताव दोनदा नामंजूर झालाय."

"कुणी केला?"

मी शेऱ्यांचे कागद काढायला ड्रॉवरकडे हात नेला.

"राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले. "उद्या मीटिंग लावा."

डीन सरांकडे आम्ही दोघं गेलो. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ऑर्थोवाले वाचत नाहीत."

"डॉक्टर नाही वाचत सर. वॉर्ड वाचतो."

"आणि देवधरचं काय? कार्ड दुसऱ्याला दिलं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे."

"शिक्षा कमिटी ठरवेल," सबनीस सर घाईने म्हणाले. "नो ड्यूज रोखणं फार होईल. कार्ड महिनाभर बंद करू."

"त्याला कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं. डीन सर पहिल्यांदा हसले.

कमिटीची मीटिंग मी जन्मात विसरणार नाही. जो प्रस्ताव दोनदा मी मांडला होता, तोच शब्दन् शब्द चेअरमननी स्वतः मांडला: हॉस्पिटलातल्या नर्सेस, थेरपिस्ट आणि टेक्निशियन यांना स्वतःच्या कार्डावर पुस्तकं घरी द्यावीत. मेडिसिनचे प्रमुख म्हणाले, "आज सिस्टर मागतील, उद्या मावश्या मागतील."

"मागू देत," सबनीस सर म्हणाले.

दुसरे एक सर म्हणाले, "पुस्तकं हरवतील त्याचं काय? जबाबदार कोण?"

आता माझी पाळी होती. "सर, सध्या आपल्याकडे वर्षानुवर्षं परत न आलेली जी पुस्तकं आहेत, ती कुणाकडे आहेत ते वाचून दाखवू का?"

टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला आपापल्या घरचं कपाट आठवलं असावं. कुणी वाचून दाखवा म्हटलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवस. चहा आला.

समारंभात दोन बक्षिसं दिली. उत्कृष्ट वाचक, मेडिसिनची ती रेसिडेंट. आणि उत्कृष्ट वाचक वॉर्ड, ऑर्थोपेडिक्स. दुसरी ढाल पहिलीपेक्षा बोटभर मोठी होती. ती सबनीस सरांनी स्वतः जाऊन बदलून आणली होती, हे मला दुकानदाराकडून कळलं. स्टेजवर साळुंके सिस्टर युनिफॉर्ममध्येच आल्या, कारण लगेच ड्यूटी होती. मागच्या रांगेतून प्लास्टरची भुकटी उडवत निखिल इतक्या जोरात टाळ्या वाजवत होता की डीन सरांनी दोनदा तिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधीच सिस्टर दारात. मी त्यांचं कार्ड तयार ठेवलं होतं. अदर्स ही कॅटेगरी मी आदल्या दिवशी इंजिनिअरला फोन करून काढून टाकायला लावली होती. त्या जागी लिहिलं, हॉस्पिटल स्टाफ. सिस्टरनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. फोटो, नाव, खाली बारकोड.

"हे माझ्या एकटीचं?"

"एकटीचं. आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही."

त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला रडणारी माणसं सांभाळता येत नाहीत. मी मिडवाइफरीचं पुस्तक त्यांच्या नव्या कार्डावर मुदत वाढवून दिलं.

त्या पास झाल्या. निखिलही पास झाला. त्याने अभ्यास कशावरून केला हे मी आजतागायत विचारलेलं नाही. आणि नर्सिंग स्कूलमधली जागा रिकामी झाली तेव्हा साळुंके सिस्टर ट्यूटर झाल्या. रात्रपाळी सुटली. मला वाटलं, झालं, एक काम मार्गी लागलं.

रुजू होऊन पुरते चार आठवडे झाले नसतील. एका सकाळी लायब्ररीच्या दारात निळ्या युनिफॉर्ममधल्या पोरींची रांग. सगळ्या जणी माझी पाटी वाचत होत्या. पुढे साळुंके मॅडम.

"मॅडम, ह्या माझ्या विद्यार्थिनी. ह्यांना पुस्तकं घरी न्यायचीत."

मी रांगेकडे पाहिलं. नर्सिंगच्या पुस्तकांच्या मोजक्या प्रती माझ्याकडे होत्या, आणि या पोरी दारापासून जिन्यापर्यंत. "अहो, नवा नियम हॉस्पिटल स्टाफसाठी आहे," मी म्हटलं. "या स्कूलच्या विद्यार्थिनी. या बसत नाहीत त्यात."

बोलून गेले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तो अगदी निळ्या शाईतला होता.

साळुंके मॅडमनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि निवांत बसल्या. या खेपेला त्या निघून जाणार नव्हत्या. पर्समधून घडी घातलेला अर्ज काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"यंदा चेअरमन कोण हाय?"

"मेडिसिनचे प्रमुख."

"मावश्या मागतील म्हणालेले, ते?"

"तेच."

त्यांनी अर्जाची घडी हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "नर्सिंग स्कूलच्या पोरींना यंदा त्यांच्या वॉर्डात टाकलंय शिकायला. पोरींची कार्डं झाली की ती पुस्तकं मेडिसिनच्या वॉर्डाच्या नावावर धरता येतील नव्हं? ढालीसाठी म्हणते मी."

अर्ज पहिल्याच मीटिंगमध्ये मंजूर झाला. जास्तीच्या प्रतीही मिळाल्या. ग्रंथपालांच्या अभ्यासक्रमात मला वर्गीकरण शिकवलं, सूचीकरण शिकवलं, लायब्ररी सर्वांसाठी का असावी यावर वीस मार्कांचा प्रश्नही होता. तो मी चांगला सोडवला होता. पण त्यात कुठे असं नव्हतं की साहेबाला आधी ढाल दाखवायची आणि मग अर्ज.